आमदार नेमकं करतो काय? आणि काय करूच शकत नाही?

जोराचा पाऊस झाला की इंदूरच्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्यक्रम ठरलेला असतो. आधी गुडघाभर पाण्याचा फोटो येतो, मग कोणीतरी "विधायकजी कुठे आहेत?" टाकतं, मग ते कोणत्या पार्टीचे यावर भांडण, आणि संध्याकाळी पाणी ओसरलं की ग्रुपपण शांत. यात गंमत अशी आहे की ड्रेनेज हे मुळात आमदाराचं कामच नाही, ते निगमचं (म्हणजे महापालिकेचं) आहे. आणि जे खरंच आमदाराचं काम आहे, ज्यासाठी सरकारी खर्चाने तो भोपाळला जातो, त्याबद्दल पाच वर्षांत त्याला कोणी अवाक्षर विचारत नाही. मी काही पार्टीवाला नाही, पण निगम, तहसील आणि कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारून जे डोक्यात गेलं ते सोपं करून लिहितोय. ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी सरळ २०२० मध्ये सरकार पडलं त्या भागावर उडी मारली तरी चालेल, खरी मजा तिथेच आहे.

## आधी हिशोब, कोण कुठला

मध्य प्रदेशात विधानसभेच्या २३० जागा आहेत. त्यातल्या ९ आपल्या इंदूर जिल्ह्यात: इंदूर १ ते ५, राऊ, महू, सांवेर आणि देपालपूर. २०२३ च्या निवडणुकीत राज्यात साधारण ५ कोटी ६० लाख मतदार होते, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी दोन लाख चाळीस हजार माणसं, आणि ही फक्त मत देणारी, पोरंसोरं वेगळीच. खासदार मात्र आठ विधानसभा मिळून एक. (नऊ का नाही? कारण महू जिल्ह्याने इंदूरचं असलं तरी लोकसभेला धारमध्ये जातं, महूवाल्यांनाही हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.)

मग खाली निगम, तिथे ८५ वॉर्ड आणि तेवढेच पार्षद (म्हणजे नगरसेवक). रस्त्यावरचा दिवा, कचरा गाडी, नळ, ड्रेनेज हे सगळं निगमचं. पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा, जमिनीचे रेकॉर्ड, शेती, दारूची दुकानं, हे राज्य सरकारचं. रेल्वे, पासपोर्ट, इन्कम टॅक्स केंद्राचं. आमदार या मधल्या थरातला माणूस आहे.

## पण सरकार चालवतो तोच ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे गणेशोत्सव मंडळ कसं चालतं बघा. सभासद खूप असतात, त्यातून कार्यकारिणी निवडली जाते, खजिनदार पैसे ठेवतो, मांडववाल्याचं बिल तोच देतो. सभासद वार्षिक सभेत उभा राहून विचारू शकतो की लायटिंगचा खर्च एवढा कसा झाला, बजेट नामंजूर करू शकतो, आणि बहुमत असेल तर कार्यकारिणी पाडू शकतो. पण उठून गल्ल्यातून दोनशे रुपये काढू शकत नाही आणि मांडववाल्याला हुकूमही देऊ शकत नाही. आमदार म्हणजे हा सभासद. मुख्यमंत्री आणि मंत्री म्हणजे कार्यकारिणी.

आता मंत्रीपण आमदारांतूनच होतात म्हणून आपल्याला दोन्ही एकच वाटतं. पण सगळ्यांना मंत्री करता येत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली की मुख्यमंत्र्यांसकट मंत्रिमंडळ विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. २३० चे १५ टक्के म्हणजे साडेचौतीस. बाकी जे दोनशेच्या आसपास उरतात ते निव्वळ आमदार, त्यांच्या हाताखाली एकही सरकारी विभाग नसतो, आणि कलेक्टर किंवा थानेदार त्यांचं ऐकतात ते लिहाजापोटी किंवा सरकार त्यांच्या पार्टीचं आहे म्हणून. कायद्याने बांधलेले नसतात. म्हणूनच विरोधी पार्टीचा आमदार निवडून आला की लोक म्हणतात "आता पाच वर्षं काही काम होणार नाही". चुकीचं आहे, पण उगाच म्हणत नाहीत.

## आमदार होतात कसे

कागदावर हे फार सोपं आहे. वय २५ पूर्ण, राज्यात कुठेही मतदार यादीत नाव, १० हजार डिपॉझिट (एससी-एसटी उमेदवाराला ५ हजार), आणि आपली मालमत्ता, कर्ज, पोलीस केसेस, शिक्षण सगळं लिहिलेलं शपथपत्र. शिक्षणाची अट नाही, चौथी पास चालतो, न शिकलेलाही चालतो. ते शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही वाचता येतं आणि माझं प्रामाणिक मत आहे की लग्नाचा बायोडाटा जितक्या बारकाईने वाचतो त्याच्या निम्म्याने जरी हे वाचलं तरी खूप झालं. झालेल्या मतदानातल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं नाही मिळाली तर डिपॉझिट जप्त.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात ४० लाख आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा असतो. आता शहरात होर्डिंग, गाड्या, कार्यकर्त्यांचे पोहे-चहा, सभा हे सगळं ४० लाखात बसतं का हे तुम्हीच ठरवा. मर्यादा उमेदवाराच्या खर्चावर आहे, पार्टीने आपल्या नावाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराच्या खर्चाला अशी मर्यादाच नाही, ती खिडकी उघडी आहे.

खरा डोंगर म्हणजे तिकीट. मोठ्या पार्टीकडून बी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचा कागद) मिळाला की अर्धी लढाई जिंकली, आणि तो कोणाला मिळेल हे दिल्ली-भोपाळला ठरतं, त्याची परीक्षा नाही की मेरिट लिस्ट नाही. बहुतेक जण विद्यार्थी संघटना, मग पार्षद, मग आमदार अशा पायऱ्या चढतात. कैलाश विजयवर्गीय यांचं बघा, १९८३ ला पार्षद, १९९० ला इंदूर-४ मधून आमदार, १९९३, ९८ आणि २००३ ला इंदूर-२, मध्येच २००० ला महापौर, २००८ आणि २०१३ ला महू, मग पार्टीचं राष्ट्रीय काम, आणि २०२३ ला परत इंदूर-१. आवडोत न आवडोत, आमदारकीचं करिअर किती लांब असू शकतं आणि त्यात किती वेळा मतदारसंघ बदलतो याचं हे घरचं उदाहरण आहे. दुसरा रस्ता घराण्याचा. इंदूर-४ मध्ये लक्ष्मणसिंह गौड यांचं अपघातात निधन झालं तेव्हा २००८ ला मालिनी गौड उभ्या राहिल्या, निवडून आल्या, पुढे आमदार असतानाच महापौरही झाल्या, आणि २०१७ मध्ये इंदूर पहिल्यांदा स्वच्छतेत नंबर एक आलं तेव्हा त्याच महापौर होत्या.

आणि आपल्या ताई? सुमित्रा महाजन नगरसेविका झाल्या, उपमहापौर झाल्या, १९८५ ला विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्या आमदार कधी झाल्याच नाहीत. चार वर्षांनी १९८९ ला थेट लोकसभा, समोर माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी, आणि तिथून सलग आठ वेळा खासदार, २०१४ ते २०१९ लोकसभा अध्यक्ष. रामबागेतल्या ओट्यांवर आजही चर्चा चालते की ताई ८५ ला जिंकल्या असत्या तर भोपाळमध्येच अडकल्या असत्या. असेल-नसेल, पण मराठी मतं शहरात चार-पाच मतदारसंघांत विखुरलेली आहेत, कुठेही एकगठ्ठा नाहीत, त्यामुळे "आपला माणूस" म्हणून तिकीट मागायला गेलो तर आकडा दाखवता येत नाही. ताईंना मतं दिली ती सगळ्या इंदूरने, फक्त मराठी माणसाने नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो.

## भोपाळला गेल्यावर करतात काय

अरेरा हिल्सवर ती गोल इमारत आहे ना, चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केलेली, १९९६ पासून विधानसभा तिथे बसते, त्याआधी मिंटो हॉलमध्ये बसायची. वर्षात साधारण तीन अधिवेशनं: बजेट, पावसाळी, हिवाळी. घटना फक्त एवढंच म्हणते की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांच्या वर गॅप नको, किती दिवस बसायचं हे लिहिलेलंच नाही, त्यामुळे बसण्याचे दिवस कमी आणि गोंधळ झाला की ठरलेल्या तारखेच्या आधीच गुंडाळणं हे नेहमीचं झालंय.

आत गेल्यावर आमदाराच्या हातात तीन हत्यारं. एक, कायदा आणि बजेटवर मत. सरकार तुमच्या-माझ्या टॅक्समधून एक रुपयाही विधानसभेच्या मंजुरीशिवाय खर्च करू शकत नाही. दोन, अविश्वास ठराव, म्हणजे सरकार पाडायची ताकद.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, प्रश्न. आमदार अधिवेशनाच्या आधी लेखी प्रश्न पाठवतो की अमुक तहसीलमध्ये नामांतरणाची (जमिनीच्या रेकॉर्डवर मालकाचं नाव बदलायची) किती प्रकरणं किती दिवसांपासून पडून आहेत, अमुक दवाखान्यात डॉक्टरांची किती पदं मंजूर आणि किती भरलेली. तो प्रश्न विभागात खाली उतरतो, मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून त्या ऑफिसात. तुम्ही कधी सरकारी ऑफिसात असताना "विधानसभा प्रश्न आलाय" हे वाक्य ऐकलं असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय. सहा महिने न सापडलेली फाइल दुपारपर्यंत टेबलावर येते, कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने सभागृहात जाणार असतं, आणि तिथे खोटी माहिती दिली तर विशेषाधिकार भंगाचं प्रकरण होऊ शकतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री उभं राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकितचं फक्त लेखी येतं. याशिवाय ध्यानाकर्षण असतं, महाराष्ट्रात ज्याला लक्षवेधी म्हणतात, तातडीच्या विषयासाठी.

यात आमदार कोणत्या पार्टीचा आहे याने काही फरक पडत नाही. विरोधी आमदाराचा प्रश्नही तितकाच खाली उतरतो. म्हणून वर म्हटलं की "विरोधी आमदार म्हणजे काम नाही" हे चुकीचं आहे.

## मत तरी स्वतःचं देतो का?

बहुतेक वेळा नाही. इथे एकच जड शब्द समजून घ्या, व्हिप. म्हणजे पार्टीचा लेखी आदेश की या दिवशी हजर राहा आणि असं मत द्या. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तोच पक्षांतरबंदी कायदा. पार्टी सोडली किंवा व्हिप मोडला (आणि पार्टीने १५ दिवसांत माफ केलं नाही) तर आमदारकी जाऊ शकते, आणि फैसला करतात विधानसभा अध्यक्ष, जे स्वतः सहसा सत्ताधारी पार्टीतूनच आलेले असतात. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पार्टीत विलीन झाले तरच वाचतात.

हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. पण साइड इफेक्ट असा झाला की आमदाराला एखादा कायदा मनापासून पटत नसला तरी तो विरोधात मत देऊ शकत नाही, म्हणजे ज्या कामासाठी आपण त्याला निवडलं त्यातलं पहिलं हत्यार पार्टीच्या ऑफिसात जमा.

## मग २०२० मध्ये सरकार पडलं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, त्यामुळे जरा सावकाश.

२०१८ च्या निकालात काँग्रेस ११४, भाजप १०९. बहुमत ११६. बसपा, सपा आणि अपक्षांच्या मदतीने कमलनाथ मुख्यमंत्री झाले. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य सिंधियांबरोबर काँग्रेसच्या २२ आमदारांनी साथ सोडली. आता ११४ चे दोन तृतीयांश म्हणजे ७६. बावीस जण म्हणजे त्याच्या जवळपासही नाही. पार्टी बदलली असती तर सरळ अपात्र.

म्हणून त्यांनी पार्टी बदलली नाही, आमदारकीचाच राजीनामा दिला. राजीनामा देणं हा प्रत्येक आमदाराचा हक्क आहे, तो मर्जीने दिलाय एवढी अध्यक्षांची खात्री झाली की मंजूर करावा लागतो. २२ खुर्च्या रिकाम्या, आधीच्या दोन आमदारांच्या निधनाने दोन रिकाम्या, म्हणजे २३० चं सभागृह २०६ वर आलं आणि बहुमताचा आकडा ११६ वरून १०४ वर. काँग्रेसकडे उरले ९२, भाजपकडे १०७. कोणी व्हिप मोडला नाही, कोणी विरोधात मत दिलं नाही, आणि सरकार गेलं. सुप्रीम कोर्टाने २० मार्चला बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं, कमलनाथांनी त्याआधी त्याच दिवशी राजीनामा दिला. २३ मार्चला शिवराजसिंह चौहान परत.

आपल्या सांवेरचे तुलसी सिलावट त्या २२ मध्ये होते, कमलनाथ सरकारात आरोग्यमंत्री. एप्रिलमध्ये ते नव्या सरकारात मंत्री झाले, आणि तेव्हा ते आमदारच नव्हते! हे कसं चालतं? तर घटनेत तरतूद आहे की आमदार नसलेला माणूस सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकतो, तेवढ्यात निवडून यायचं. कोरोनामुळे पोटनिवडणूक लांबली, सहा महिने ऑक्टोबरमध्ये भरले, आणि मतदान ३ नोव्हेंबरला. म्हणून मतदानाच्या दोन आठवडे आधी त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. मग भाजपकडून पन्नास हजारांच्या वर मतांनी जिंकले आणि जानेवारी २०२१ ला परत शपथ घेतली. एका माणसाच्या दहा महिन्यांत मंत्री, माजी मंत्री, माजी आमदार, मंत्री, माजी मंत्री, आमदार, मंत्री असं सगळं होऊन गेलं. त्यावेळी २८ जागांवर पोटनिवडणूक झाली, भाजपने १९ जिंकल्या, काँग्रेसने ९.

म्हणजे मतदार असल्या उड्या नेहमी पचवतो का? तसंही नाही. २०२४ मध्ये विजयपूरचे रामनिवास रावत काँग्रेसमधून भाजपमध्ये आले, मंत्री झाले, आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत मंत्री असताना हरले.

कायद्यात राजीनाम्याची ही वाट बंद करायला हवी का? माझ्या मते राजीनामा दिलेल्या माणसाला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्री करू नये, एवढं केलं तरी पुष्कळ. पण हा कायदा करणार कोण, तर ज्यांना या वाटेचा उपयोग होतो तेच.

## "पण आमच्या आमदाराने तर रस्ता बांधून दिला"

रस्ता विधायक निधीतून (म्हणजे आमदार निधीतून) झाला असेल. हा निधी आमदाराच्या बँक खात्यात येत नाही, तो कामं सुचवतो, जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली मंजुरी होते, आणि काम सरकारी एजन्सी करून घेते. पाटीवर मात्र नाव मोठ्या अक्षरात आमदाराचं असतं, भूमिपूजनाचं वेगळं आणि लोकार्पणाचं वेगळं.

आणि सकाळचा दरबार. तुम्ही कधी गेला नसाल तर एकदा जाऊन बघा. नऊच्या आधीच ओट्यावर चपलांचा ढीग, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर पारदर्शक फोल्डर, कोणाचं ऑपरेशनचं एस्टिमेट, कोणाची ट्रान्सफर, कोणाला पोराची ॲडमिशन हवी, एक जण नुसती लग्नपत्रिका द्यायला आलेला. पीए दोन वाक्यं ऐकतो, छापील लेटरहेड काढतो, आणि खाली ठरलेली ओळ: "नियमानुसार आवश्यक कार्यवाही करें". शेजारच्या काकू ते पत्र देवासमोर ठेवायच्या बाकी होत्या. पण ती ओळ नीट वाचा. नियमानुसार होणार असेल तर पत्राशिवायही व्हायला पाहिजे, आणि नियमात बसत नसेल तर पत्राने होणार नाही. त्या पत्राला कायद्याची ताकद नाही. तरी लोक जातात, कारण ऑफिसात बाकी कोणी ऐकत नाही, आणि आमदारही बसतो, कारण लग्न-मयत-पत्र यावरच पुढचं मत ठरतं, विधानसभेत किती प्रश्न विचारले यावर ठरत नाही. याचा दोष मी एकट्या आमदाराला देत नाही.

## पगार, पेन्शन वगैरे

आमदारांचा पगार-भत्ता कायद्याने ठरतो आणि तो कायदा करते विधानसभाच, म्हणजे स्वतःचा पगार स्वतःच वाढवायचा. लोक चिडतात ते याचसाठी. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नव्हती की एमपीत १९७२ पासून मंत्र्यांचा इन्कम टॅक्स सरकार भरत होतं, जून २०२४ मध्ये कॅबिनेटने ते बंद करायचं ठरवलं. बावन्न वर्षं!

## पुण्याच्या आमदारापेक्षा आपला कमी का?

दिवाळीत पुण्याचे नातेवाईक आले की हा विषय निघतोच. दोन फरक आहेत. त्यांच्याकडे विधान परिषदपण आहे, आपल्याकडे नाही, त्यामुळे विधानसभा हरलेल्या नेत्याला आत घ्यायची ती मागची खोली एमपीत नाही. दुसरं, राष्ट्रपती निवडणुकीत त्यांच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि आपल्याचं १३१. हे राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने आणि मग हजाराने भागून येतं, आणि लोकसंख्या धरतात ती १९७१ ची. तेव्हा आजच्या एमपीच्या हद्दीत तीन कोटी माणसं होती.

## मग त्याच्याकडे मागायचं काय?

दिवा, कचरा, ड्रेनेज असेल तर इंदूर ३११ ॲप नाहीतर पार्षद. राज्याच्या एखाद्या विभागाची वैयक्तिक तक्रार असेल तर १८१ सीएम हेल्पलाइन, नंबर मिळतो, ट्रॅक होतं. यासाठी आमदाराच्या ओट्यावर अर्धा दिवस घालवू नका.

आमदाराकडे जा ते अशा गोष्टीसाठी जी फक्त तुमची नाही. समजा तुमच्या भागातल्या सरकारी शाळेत गणिताचे मास्तरच नाहीत. एक पान घ्या, शाळेचं नाव, मंजूर पदं, भरलेली पदं, कधीपासून रिकामी, एवढं लिहा, खाली पंधरा-वीस पालकांच्या सह्या, आणि सांगा की साहेब पत्र नको, यावर प्रश्न लावा. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच जा, कारण प्रश्न बरेच दिवस आधी द्यावे लागतात, अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झाला. पीए तुमच्याकडे जरा विचित्र बघेल, त्याला हे कोणी मागत नाही. मग अधिवेशनानंतर विधानसभेच्या साइटवर प्रश्नोत्तरं टाकलेली असतात, आमदाराच्या नावाने शोधा, तुमचा प्रश्न लागला का आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते तिथे सापडेल. नसेल लागला तर आमदाराच्या प्रश्नांच्या त्या यादीचं प्रिंट काढून पुढच्या वेळी तोच कागद घेऊन परत जा.